कडक भाऊजींनी पसंत केलेली स्वच्छ गाडी

भर दुपारी बिल्डिंगभर बातमी पसरली, कडक भाऊजी गाडीखाली आले! चौथ्या मजल्यावरच्या काकू दार उघडं टाकूनच जिना उतरायला लागल्या, आणि त्या तळमजल्याला पोचेपर्यंत बातमीत भाऊजींचे दोन्ही पाय निकामी झाले होते. कुणी म्हणे, नुसते पायच दिसतायत हो!

तेवढं मात्र खरं होतं. बाकीचे भाऊजी गाडीच्या खाली होते. चांगले धडधाकट, स्वतःच्या पायांनी चालत येऊन, ताज्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट उताणे पडलेले. ज्या माणसाने बागेतल्या बाकावरही रुमाल अंथरल्याशिवाय कधी बूड टेकलं नाही, तो भर रस्त्यात लोळतोय म्हटल्यावर जमलेल्यांना अपघात परवडला असता.

कडक हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. कोपऱ्यावरची लाँड्री त्यांची. कॉलर, चालणं, बोलणं सगळं एकाच स्टार्चमधून काढलेलं. कुणाकडे गेले की आधी पडद्याची खालची किनार बघणार, मग यजमानांचं तोंड. गेल्या पावसाळ्यात चिखलाने लडबडलेल्या एका गाठोड्यातून जिवंत बेडूक निघाला, तर तो किस्सा त्यांनी इतक्यांदा ऐकवला की पुढेपुढे ऐकणारेच बेडकाच्या आधी उड्या मारून पळायला लागले.

अशा माणसाच्या डोक्यात गाडी शिरली ती आईमुळे. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. व्यायामाच्या उपचारांना न्यायचं, तर भाड्याच्या गाडीत वाकून शिरताना म्हातारी कळवळायची. एक दिवस जेवता जेवता तिने सांगून टाकलं, "आता मला खाली नेऊ नका. जाईन ती एकदाच." भाऊजींचा घास हातातच राहिला. धाकट्या बहिणीला भेटायला दर आठवड्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला जाणारी आई, आणि असं बोलते?

ठरलं. नवी झेपणार नव्हती, जुनी घ्यायची. सीट उंच, दार रुंद आणि आईला वाटेत दगा न देणारी.

"माझ्या भावाला बरोबर न्या," भाऊजींची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या. "गॅरेज आहे त्याचं. इंजिन बघेल."

"तुझा भाऊ? ज्याच्या बाहीला बारा महिने ग्रीस असतं?"

"गॅरेजवाल्याच्या बाहीला काय अत्तर लावतात?"

"मला डोळे आहेत. माणूस सीट कशी ठेवतो त्यावरून इंजिन कसं ठेवतो ते कळतं."

मग पाहणी सुरू झाली. एका गाडीत सीटखाली च्युइंगगम सापडलं, ती बाद. दुसरीत कुत्र्याचे केस. तिसरीचा मालक बिचारा हौसेने इंजिन सुरू करून दाखवत होता, तर भाऊजी म्हणाले, "ते असू द्या. छत कशाने पुसता?" वहिनी कपाळाला हात लावून परत आल्या.

आणि मग ती गाडी आली. आईला बसून बघता यावं म्हणून मालक स्वतः ती बिल्डिंगच्या दारात घेऊन आला. गोडबोल्या गृहस्थ, बोलताना सारखे हात चोळणारा. भाऊजींनी दार उघडलं आणि जागीच थबकले. सीटची कापडी कव्हरं! फिकट राखाडी रंग, त्यावर एक ठिपका नाही. शिवणीच्या खाचाही स्वच्छ. त्यांनी तळहात फिरवला, वास घेतला, मान डोलावली.

"याला म्हणतात हात!" ते वहिनींना म्हणाले. "अशी धुलाई करणारा माणूस या शहरात आहे आणि मला माहीत नाही!"

"गाडी बघताय की नोकर?" वहिनी पुटपुटल्या, आणि मालकाला विचारलं, "पाण्यात वगैरे गेली नाही ना कधी?"

"पाणी लागलंय ते फक्त धुताना, ताई," मालक हसला.

तेवढ्यात आई मागच्या सीटवर बसली. वाकावं लागलं नाही, कण्हली नाही. पाय सरळ पसरले आणि लहान मुलीसारखी हसली. "अरे, अशीच जाऊ या की मावशीकडे! मी चप्पल घातलीच आहे."

झालं. भाऊजी विरघळले. आगाऊ रकमेचं पाकीट खिशातून बाहेर आलं. मालकाचा हात पुढे झाला. पण लाँड्रीवाल्याचा जीव! एवढी धुलाई कुणाची, हे कळल्याशिवाय राहवेना. पुढच्या सीटच्या कव्हराची कड त्यांनी उलटली. धुवायला आलेल्या कपड्याच्या आतल्या शिवणीवर प्रत्येक लाँड्रीवाला न जाणाऱ्या शाईने आपली खूण करतो. इथेही होती. त्रिकोण, आत दोन ठिपके.

भाऊजींचा चेहरा त्यांच्या शर्टापेक्षा पांढरा पडला.

"बेडूक," ते म्हणाले.

"काय?" वहिनी दचकल्या.

"बेडूक! अगं, ती आपली खूण आहे. मीच धुतलीत ही. सीटची कव्हरं आपल्याकडे आली ती एकदाच, त्या बेडकाच्या गाठोड्यात!"

वहिनींनाही सगळं आठवलं. त्या गाठोड्यातल्या गाळाने दुकानाची मोरी तुंबली होती. कुठल्याशा गॅरेजचा माणूस टाकून गेला नि घेऊन गेला. कव्हरं कुणाच्या गाडीची, हे विचारायचं बेडकाच्या कौतुकात राहूनच गेलं होतं. म्हणजे ही गाडी पावसाळ्यात सीटच्या वरपर्यंत पुराच्या पाण्यात बुडालेली होती, आणि ती नव्यासारखी दिसत होती ती भाऊजींच्याच हातगुणाने.

भाऊजींनी पाकीट खिशात कोंबलं आणि शर्टाचा विचार न करता सरळ गाडीखाली घुसले. वर सगळं चकाचक, खाली मात्र सांध्यासांध्यात वाळलेला गाळ आणि पापुद्रे सुटलेला गंज. वॉचमनला फक्त पाय दिसले. तो बोंबलत सुटला, ती बातमी चौथ्या मजल्यापर्यंत गेली.

"काय रे, पडलास का?" आतून आईने विचारलं.

"नाही आई. तू उतर. ही गाडी नको."

आई वहिनींचा हात धरून उतरली, आणि तिची चप्पल वाजली तेवढीच. तो आवाज भाऊजींना जेवढा लागला, तेवढा मालकाचा खोटेपणाही लागला नव्हता.

मालक मात्र निर्लज्ज. "धुतली तुम्हीच, पसंत केली तुम्हीच, आता तक्रार कसली?" वहिनी पुढे झाल्या, "गाडी काढता, की गोळा झालेल्या सगळ्यांना सांगू?" गाडी निघून गेली.

त्याच रविवारी भाऊजी स्वतः मेहुण्याच्या गॅरेजच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. मेहुण्याने एका शब्दानेही टोमणा मारला नाही, तेच जास्त लागलं. त्याने सुचवलेल्या गाडीचं इंजिन उघडलं, ब्रेक तपासले, आईला बसवून मावशीच्या दारापर्यंत नेऊन आणलं. गाडी उत्तम. फक्त मागच्या सीटवर वहीएवढा चहाचा डाग.

महिना झाला, डाग तसाच आहे. परवा समोरच्या बिल्डिंगमधल्या शेजारणीने खिडकीतून टोकलंच, "काय हे भाऊजी, लाँड्रीवाल्याच्या गाडीत डाग? की साबण संपला?"

आईला सावकाश आत बसवून भाऊजींनी दार लावलं आणि वर बघून म्हणाले, "वहिनी, मागे एकदा एका गाडीचे सगळे डाग मीच काढले होते, मग ती माझ्याच गळ्यात पडत होती. हा डाग कशाचा आहे ते मला माहीत आहे, तो राहू दे."