मालकांचे राघू

कायद्यानं मालगुजारी नुकतीच गेली होती; गाव आता मालगुजारांच्या मालकीचं राहिलं नव्हतं. आमच्या मालकांना मात्र ते कोणी नीट समजावून सांगितलं नसावं. नागपूरचे वकील व्याही आणि विहीणबाई त्यांच्याकडे पाहुणे आले, तेव्हा त्यांनी गावात सांगावा धाडला, "उद्या पाहुण्याले जंगलातले राघू दाखवाचे हायेत. कोणी गोफण चालवाची नाई. अन् सामान धराले समदे या."

धान भरायला आलं होतं. अशा दिवसांत आम्ही सासू-सुना उजाडल्यापासून मचाणीवर बसून राघू हाकलायचो. पण मालकांचा शब्द! सासूच्या डोक्यावर पाण्याचा हंडा आला, माझ्या डोक्यावर पुऱ्यांची टोपली. आमच्या पुढे सतरंजी, खुर्च्या, पानाचा डबा, आणि सर्वांच्या पुढे मालक. देवाची पालखी याहून गुपचूप निघत असेल.

जंगलात शिरताच मालक ओरडले, "चूप! राघू उडतीन!" कोणी खोकलं की पुन्हा, "चूप!" एवढ्या बोंबेत राघू कशाला थांबतात? मोहाच्या झाडावर ढोली दिसली, तर तिच्यातून घोरपडीनं तोंड काढलं. विहीणबाई किंचाळल्या. मग सतरंजी अंथरून सर्वांनी पुऱ्या खाल्ल्या; सर्वांनी म्हणजे ज्यांनी काही उचललं नव्हतं त्यांनी.

परतताना वाट आमच्या बांधीवरून, म्हणजे धानाच्या शेतावरून होती. धान दिसतच नव्हतं. लोंबीलोंबीवर राघू लटकले होते.

"अगंबाई, किती गोड!" विहीणबाई म्हणाल्या. "चोचीत कसं धरलंय बघा!"

मालकांनी छाती काढली. "हे समदे आपलेच."

सासूनं हंडा खाली ठेवला. मचाणीवर चढून तिनं गोफण काढली.

"तुमचेच हायेत न, भाऊ? मंग घरी बलवा अन् तुमच्या कोठीतलं चारा."

जन्मभर ती त्यांना 'मालक' म्हणत आली होती. 'भाऊ' ऐकून माझी मान टोपलीखाली आखडली. तेवढ्यात गोफण सुटली, आणि सगळी बांधी एकदम उठून आभाळात गेली.

वकीलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. "वा! उडवून दाखवायचीही सोय केलीत! पुन्हा एकदा होईल का?"

मालकांनी क्षणभर सासूकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे. "हो हो, मीच सांगून ठेवलं होतं," ते म्हणाले. "बाई, हाना अजून एक."

सासूनं दुसरा दगड लावला. तो मालकांच्या पगडीवरून इतक्या जवळून गेला की ते मटकन शेताच्या धुऱ्यावर बसले. पाहुणे पुन्हा टाळ्या वाजवत होते.

त्या बांधीतून आम्हाला दाण्यांपेक्षा तनीसच जास्त मिळाली. बैल खूश होते. मालकांच्या घरून नुकसानीबद्दल कोणी विचारायला आलं नाही. विहीणबाईंना पिंजऱ्यात ठेवायला एखादं पिल्लू मिळेल का, एवढंच विचारायला गडी आला होता. सासूनं त्याला पाणी दिलं, बसवलं, आणि म्हणाली, "घोरपडीचं चालन का, पूस."