जुलूम आणि शांताक्काची खिडकी

शांताक्का गेली, हे आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी कॉलेजातून नुकती निघाले होते. जिन्याखालच्या अंधारात शिलाई मशीनला पाय अडकून ती पडली आणि दवाखान्यातून परत आलीच नाही... त्याला आता महिना होईल. दुःख हळूहळू कमी होतं, असं लोक म्हणतात. होत असेल. माझा राग मात्र वाढतोच आहे.

चामराजपेटेत आमच्या शेजारचंच घर तिचं. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी तिचं मशीन असे. चिकपेटेतल्या दुकानांसाठी ती ब्लाउज शिवायची आणि मी शेजारी बसून हूक लावता लावता अभ्यास करायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात काय शिकवलं ते तिला रोज सांगावंच लागे. एकदा जुलमी राजवटींचा धडा चालू होता. सर म्हणाले, 'जुलूम' हा शब्द मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. आणि जुन्या अरबी पंडितांनी त्याचा अर्थ सांगितला तो असा, की एखादी गोष्ट तिच्या हक्काच्या जागेवरून काढून भलत्याच जागी ठेवणं. मला तोवर जुलूम म्हणजे चाबूक, तुरुंग, फाशी एवढंच वाटायचं. अक्का हसली. "मग आमची सूनबाई रोज जुलूम करते बघ. कात्री कधी जागेवर सापडत नाही."

पुढे तिच्या मुलानं, रमेशण्णांनी, त्या खोलीत सोफा आणला. त्यांच्या मुलीला बघायला माणसं येणार, त्यांच्यासमोर चिंध्या नकोत, म्हणून मशीन जिन्याखाली गेलं. अक्काला कुणी विचारलं नाही. कुणी आवाजही चढवला नाही. स्वल्प दिवस सांभाळून घे आई, असं गोड बोलून सगळं झालं. मुलीचं लग्न झालं, मशीन तिथंच राहिलं. भर दुपारी दिवा लावूनही अक्काला सुईचं नाक दिसेना, ती मला हाक मारायची. मी रमेशण्णांशी बोलते म्हटलं, तर तिनं माझा हात धरला.

"नको ग. याला काय म्हणतात ते तू सांगितलंस, तेवढं पुरे."

मला ते पुरे वाटलं नाही, आजही वाटत नाही. पुस्तकातल्या जुलमी राजाला गादी लागते, फौज लागते. इथं एका सोफ्यावर भागलं.

तेराव्याला आम्ही गेलो, तर सोफा बाजूला सरकवलेला. खिडकीशेजारी अक्काचा मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार. मी बघतच राहिले, तेव्हा रमेशण्णा जवळ येऊन मायेनं म्हणाले, "इथं उजेड चांगला येतो ना, म्हणून इथंच लावला."