सुट्टी तुझी, जागा माझी

शिवकांताअक्काकडं सुट्टी मागायला गेलं की ती माणसाच्या तोंडाकडं बघायची नाही. तो ज्या स्टुलावर बसतो त्या स्टुलाकडं बघायची आणि म्हणायची, “हितं कोण बसंल?” कारण कधी विचारलं नाही. घरात लग्न असो का मयत, तिला सारखंच. “सुट्टी तुझी हाय, जागा माझी हाय. तू कुठंबी जा. जागा रिकामी दिसायली न्हाई पायजे.”

अक्का मागच्या महिन्यात गेली. लोक आता तिला देवमाणूस म्हणायलेत. मी तिच्याकडं बत्तीस वर्षं काढली. मला जे दिसलं ते लिहितो.

लातूरला तिचं भांड्याचं दुकान. मालक गेल्यावर गादीवर ती बसली. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग आणि आवाज असा की दारातलं गिऱ्हाईक भाव न करताच आत यावं. मी मशीननं भांड्यावर नावं कोरायचो; आम्ही त्याला नाव घालणं म्हणतो. शाळा माझी तिसरीपर्यंत. अक्षर शिकलो ते घागरीवर आणि परातीवर. पण अर्ध्या जिल्ह्यातल्या पोरींच्या रुखवतावर माझ्या हातचं नाव आहे, हे मी कुणालाही सांगीन.

सुट्टी हवी तर घरचा माणूस बदली आणायचा, हा तिचा कायदा. लग्नसराईत दुकान भरलेलं आणि आमच्याही भावकीत त्याच दिवसांत लग्नं. मग लोक हुशार झाले. दुकानातल्या सलीमनं बहिरा चुलता आणून बसवला. गिऱ्हाइकानं परात मागितली की तो पाणी आणून द्यायचा. शिरूर अनंतपाळच्या व्यंकटनं मेहुणा आणला, तर त्यानं एका बाईला सांगितलं, “मावशी, समोरच्या दुकानात स्वस्त मिळतंय.” दुसऱ्या दिवशी व्यंकट घाबरत आला. अक्का म्हणाली, “तुझा मेहुणा तुझ्यापरीस खरा हाय रे. त्यालाच ठिवू का?” व्यंकटनं पुन्हा तीन वर्षं सुट्टी मागितली नाही.

बदली माणूस कामाला वाईट असावा, म्हणजे आपली जागा शाबूत राहते, हे सगळ्यांना कळलं होतं. मला कळलं नाही. कळलं असतं तरी मी तसा आणला नसता. माझ्या, नागनाथच्या घरचं माणूस कच्चं निघालं, असं कुणी म्हणावं हे मला चालणार नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशनसाठी पंधरा दिवस सुट्टी पाहिजे होती. पोरगा किल्लारीच्या रस्त्याला जीप चालवतो, त्याला हे काम जमणारं नव्हतं. सून रेखा, माहेर इस्लापूरचं, हाताची सरळ. तिला मी महिनाभर घरात जुन्या ताटल्यांवर शिकवलं. “मामा, वेलांटी मोठी होऊन राहिली,” असं म्हणत ती दुसरी ताटली घेऊन पुन्हा घालायची. दुकानात नेऊन बसवली तेव्हा माझी छाती फुगली होती. अक्कानं पहिला डबा हातात घेतला, उजेडाला धरला आणि नुसतं “हं” म्हणाली.

पंधरा दिवसांनी मी काळा चष्मा लावून गेलो. स्टुलावर रेखा होती.

“आराम कर की अजून,” अक्का म्हणाली.

“झाला आराम.”

“झाला कसा? आता तर सुरू झालाय. गिऱ्हाईक तिचंच अक्षर मागायलेत, नागनाथ. तूच आणलीस, तूच शिकवलीस. वाईट कशाला वाटून घेतोस?”

रेखानं मान खाली घालून हातातलं नाव पुरं केलं. सलीम आणि व्यंकट डब्यांवर डबे लावायला लागले, जसं काही त्यांना ऐकूच आलं नाही. त्या दिवसापासून रेखा सकाळी डबा घेऊन जायची आणि मी घराच्या ओट्यावर बसायचो. दुकानाच्या गल्लीतून जायचं मी सोडून दिलं.

यंदा उन्हाळ्यात इस्लापूरहून फोन आला. रेखाच्या आईनं अन्न सोडलं होतं. रेखानं सुट्टी मागितली, तर अक्कानं नेहमीसारखं स्टुलाकडं बघितलं. “जा की, बाई. घरी म्हातारा रिकामा बसलाय, त्याला पाठव.”

रेखा संध्याकाळी माझ्यासमोर उभी राहिली. “मामा, आईचं काही खरं नाही. भाऊ सारखा फोन करून राहिला. दोन दिवस बसता का?”

मी म्हणालो, “माझ्याच जागेवर मी बदली म्हणून बसू? त्या बाईला जाऊन सांग, नागनाथ मेला.”

पोरगाही बोलला. मी त्याला गप बसवलं. रेखानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. सकाळी भाकरी केल्या, माझं ताट झाकून ठेवलं आणि दुकानाला गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. जागा सोडली तर उद्या तिथं दुसरं कुणी बसेल, हे तिला माझ्याकडं बघून कळत होतंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानातच फोन आला. अर्धं नाव घातलेली घागर तशीच ठेवून ती उठली आणि कुणाला न विचारता स्टँडवर गेली. नांदेडला गाडी बदलून इस्लापूरला पोहोचेपर्यंत आईची माती झाली होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत मी दुकानात जाऊन स्टुलावर बसलो. कुणी बोलावलं नव्हतं.

“आज आलास व्हय?” अक्का म्हणाली. “परवा आला असतास तर पोरीला आई दिसली असती.”

“सुट्टी तुम्ही दिली नाही.”

“मी जागा मागितली, नागनाथ. दोन दिवसांची. पोरीला तू अडवलंस.”

तिच्या कायद्यानंच हे झालं, हे खरं होतं. आजही खरं आहे. पण तिचं बोलणं त्यानं खोटं होत नव्हतं. मी मशीन हातात घेतली आणि ती अर्धी घागर पुरी केली. हात वर्षभर बसला नव्हता. अक्षरं खाली घसरली. अक्कानं घागर सलीमला दाखवली. “बघ रे, अर्धं नाव पोरीनं घातलंय आन् अर्धं पहिलीतल्या पोरानं.” सलीम हसला. हसावंच लागलं त्याला.

तरी मी उठलो नाही. तेरावा होईपर्यंत रोज गेलो. घागरी, हंडे तिनं मला दिलेच नाहीत. वाट्यांच्या बुडाला दोन-दोन अक्षरं घालायला लावली, जिथं कुणी बघत नाही. मी घातली.

चौदाव्या दिवशी दुपारी रेखा स्टँडवरून थेट दुकानात आली, हातात पिशवी. चेहरा उतरलेला. अक्कानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

“ऊठ, नागनाथ.”

मी उठलो. रेखा बसली. पदरानं मशीन पुसली. मी तिला म्हणायला गेलो की प्रवास झालाय, आजच्या दिवस मी बसतो. तिनं वर बघितलं नाही. अक्कानं स्वतःच्या जेवणाचा डबा उघडून तिच्यापुढं सरकवला. “आधी दोन घास खा. नावं कुठं पळून जायलीत?” बत्तीस वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून कुणासाठी ऐकलं नव्हतं.

मी चपला घातल्या. तेवढ्यात अक्का पाठीमागून बोलली, “जाताना दार ओढून घे. पोरीच्या जेवणात धूळ यायलीय.”

मी दार ओढून घेतलं.