चुनीलाल मिस्तरी आणि ओट्याशी थांबणारा ट्रॅक्टर

डिझेल ट्रॅक्टर बघितला की चुनीलाल मिस्तरीला जांभई येते. डिझेलला ठिणगी लागत नाही, मग बिघाड शोधण्यात मजा ती काय, असं हा लोणखेड्याचा गृहस्थ गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो. तरी गिऱ्हाईक येतंच. त्याच्या हाताला गुण आहे, आणि जिभेची आम्हाला सवय झाली आहे.

उदेसिंगच्या वडिलांचा जुनाट पेट्रोल ट्रॅक्टर होता. वडील गेले, बांधावर त्यांच्या स्मृतीचा ओटा बांधला, आणि त्याच हंगामात ट्रॅक्टर नेमका त्या ओट्याशी येऊन बंद पडू लागला. नारळ फोडायचा, उदबत्ती लावायची, प्रसाद खायचा, की गडी पुन्हा सुरू. उदेसिंगच्या आई, फुलवंताबाई, यांनी धसकाच घेतला. शेवटच्या आजारात साखर वाढली म्हणून आपण त्यांना गोड खाऊ दिलं नाही, त्याचाच हा राग. उदेसिंगनं कंटाळून भंगारवाल्याला बोलावलं, तर बाईंनी जेवण सोडलं. त्यांची वस्तू विकली तर राग कायमचाच राहील म्हणाल्या.

शेवटी बोलावणं गेलं, तेव्हा चुनीलाल स्वतः ट्रॅक्टरवर बसून ओट्यापर्यंत गेला. बंद पडला. उदेसिंग नारळ शोधेपर्यंत यानं पेट्रोल येतंय ना ते पाहिलं, प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि हँडल मारलं. ठिणगी पिवळट, मरतुकडी. ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलला हात लावला तर चटकाच बसला. तिच्यावर ओलं फडकं गुंडाळून तो बिडी ओढत बसला. पुन्हा हँडल मारलं तर ठिणगी निळी, कडकडीत. कॉइल तापली की आतली तार दगा देते, गार झाली की जुळते. घरापासून ओट्यापर्यंत ती बरोबर तापायची, आणि पूजेपुरती गार व्हायची.

कोणाला पटेना. मग चुनीलालनं ट्रॅक्टर घरून उलट्या रस्त्यानं काढला. तेवढंच अंतर गेल्यावर तो उदेसिंगच्या सासऱ्यांच्या दारात बंद पडला. सासरे ओसरीवर धडधाकट बसलेले. आता यांच्यापुढे फोडा नारळ, चुनीलाल म्हणाला.

नवी कॉइल बसवली. फुलवंताबाईंना मडगार्डवर बसवून उदेसिंगनं ट्रॅक्टर ओट्याजवळून नेला, पार नाल्यापर्यंत, आणि परत आणला. कुठेच थांबला नाही. भंगारवाला नुसता चहा पिऊन गेला.

बाई खाली उतरल्या, पण नवऱ्याबद्दल विचारत चुनीलालचा हात सोडेनात.

"म्हंजे त्या मन्हावर रागावेल नही शेतस ना, भाऊ?"

"काकू, तो राग नही व्हता. कॉइल व्हती."

बाई आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावून खूप रडल्या, आणि सुनेला आपलं ताट वाढायला सांगितलं.