मामाचा रविवार

माझा धाकटा मामा न्हावी. दुकानात दोन खुर्च्या, एक डागाळलेला आरसा आणि अखंड बडबड. बडबड मामाचीच. गळ्याशी वस्तरा असताना गिऱ्हाईक बिचारं काय बोलणार?

रविवारी मात्र दुकान बंद. लहानपणापासून त्याने चर्चमधली उपासना कधी चुकवली नव्हती. तिसऱ्या बाकावर बसून गीतं म्हणताना असा गळा काढायचा की पेटी वाजवणाऱ्या बाईंचा सूर हरवायचा.

पुढे चर्चच्या कमिटीत दोन तट पडले. दोन्हीकडची माणसं केस कापायला मामाकडेच यायची आणि खुर्चीत बसली की एकमेकांची उणीदुणी काढायची. मामा ऐकून घ्यायचा. पण कमिटीच्या निवडणुकीच्या रविवारी पाळकांनी प्रार्थना सुरू केली, मामाने सहज डोळे उघडले, तर पुढच्या बाकावरचे दोन्ही तटांचे म्होरके माना वळवून आपली माणसं किती आली ते बघत होते. ‘आमेन’ झालं आणि लगेच हमरीतुमरी. मामा उठून घरी आला.

“मी आता तिथे जायचा नाही,” तो मामीला म्हणाला.

“देवावर रुसलात होय?”

“देवावर कशाला रुसू? मला वाटतं, तोही माझ्याबरोबरच उठून आला.”

मामी हसली. तिने स्वतः जाणं काही सोडलं नाही; तिच्या मैत्रिणी तिथे होत्या. मामाने तिला अडवलं नाही, उलट तिच्या चपला पुसून ठेवायचा.

सुरुवातीला त्याला घर खायला उठलं. शुभवर्तमान वाचायचा, प्रार्थना करायचा, तरी हात शिवशिवायचे. एकदा तर शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे केस कापून आला.

मग एका गिऱ्हाइकाने गळ घातली. “वडील इस्पितळात आहेत. दाढीचं जंगल झालंय. येता का?”

मामा धोकटी घेऊन गेला. दाढी झाल्यावर त्याने आरसा पुढे धरला. म्हातारबा आरशात डोकावले आणि म्हणाले, “अरेच्चा, हा गडी अजून जिवंत आहे की!” सगळा वॉर्ड खदखदून हसला. शेजारच्या खाटेवरून हात वर झाला, मग त्या पलीकडच्या.

तेव्हापासून मामाचा रविवार तिथेच. वस्तरा लावण्याआधी तो ओठातल्या ओठात प्रार्थना करतो. कुणी म्हटलं तर मोठ्यानेही.

एकदा पाळकसाहेब दुकानात केस कापायला आले. “तुमची जागा रिकामी दिसते हो,” ते म्हणाले. “प्रार्थना तरी चालू आहे ना?”

“साहेब, हातात वस्तरा आला की देवाचं नाव घ्यावंच लागतं. गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी!”

पाळक इतके हसले की मामाला हात आवरावा लागला. मग ते हळूच म्हणाले, “माझ्यासाठी कराल? या भांडणांनी फार थकलोय मी.”

मामाने दार लोटलं, त्यांच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि साध्या बोलीत देवाशी बोलला. परत या, असं पाळक म्हणाले नाहीत. जाताना त्यांनी मामाला घट्ट मिठी मारली, अंगावरच्या केसांसकट.

पुढे बायकांच्या वॉर्डातून निरोप आला, “आम्ही काय घोडं मारलंय?” मामी उपासनेहून थेट तिथे जाऊ लागली, मैत्रिणींना घेऊन. त्यात दोन्ही तटांतल्या बायका! एकीने गुंता सोडवायचा, दुसरीने वेणी घालायची. परवा एका आजीबाईंनी वेणी चाचपून फर्मावलं, “गजरा राहिला की गं!” आणि निरोप मिळताच मामा पुरुषांच्या वॉर्डातून तसाच, हाताला साबण असताना, फुलं आणायला पळाला.