रेघेचे पापड

आधीच सांगते, मी अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. लिंबातून रक्त काढणारे बाबा गावात आले की त्यांची हातचलाखी मुलांना वर्गात करून दाखवणारी मी बाई. भूतबीत म्हटलं की मला हसू येतं... म्हणजे यायचं. म्हणून हे लिहायला मला दोन उन्हाळे लागले. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसा, तुमच्या जागी मीही हसलेच असते.

सुरुवात घरापासून करते, कारण ते मी कुणाच्या शब्दावर घेतलं हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सुशीला माझी डी.एड.पासूनची मैत्रीण. एका ताटात जेवलो, एकमेकींच्या साड्या नेसलो. ती लग्न होऊन शिरपूर जैनला गेली. मी लग्नच केलं नाही, वाशीमला भाड्याच्या खोल्यांत नोकरी काढली. रिटायर झाले आणि तिचा फोन आला.

"आमच्या बाजूच्या दगडी इमारतीतली वरची माडी निंगाली इकायले. घेऊन टाक ना वं! मधात एक भिंत राहीन आपल्या. सकाळचा चहा तुह्याकडं, दुपारचा माह्याकडं."

इमारत शंभरेक वर्षांची. कुण्या कापसाच्या व्यापाऱ्याने बांधलेली, वारसांनी एकेक मजला वेगळा विकायला काढलेला. खाली दगड, वर सागवान, नक्षीचे खांब. स्वयंपाकघरातून लोखंडी जिना चढलं की स्वतःची गच्ची. त्या जिन्याशिवाय गच्चीवर जायला दुसरी वाट नाही, हे लक्षात ठेवा. जैन मंदिराला येणाऱ्यांच्या गाड्या सोडल्या तर दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं. आधी तिथे कोण राहायचं, असं मी विचारलं तर सुशीला म्हणाली, "एक म्हातारी होती. गेली. काई नाई त्यात." तालुक्याला, मालेगावला जाऊन रजिस्ट्री केली. साक्षीदार म्हणून सही सुशीलेचीच.

हिवाळा मजेत गेला. उन्हाळा लागला आणि गल्लीत पापडांची पाळी सुरू झाली. एक दिवस एकीच्या घरी सगळ्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमतात, दुसऱ्या दिवशी दुसरीच्या. आपण जिच्या घरी लाटून आलो, तिने आपल्याकडे यायचंच, असा रिवाज. मी हौसेने नवं लाटणं आणलं. पण सुशीला म्हणाली, "तू आपल्याच गच्चीवर लाट. पीठ मी मळून देते. आमी येतोच मांगून."

कोणी आलं नाही. मी एकटीने लाट्या कापल्या, मोजून साठ (मास्तरणीची खोड!). जुन्या साडीवर पापड वाळत घातले, खाली येऊन जिन्याच्या दाराला कडी लावली, जेवले. दुपारी उलटवायला गेले तर पापड बहात्तर.

मोजण्यात चुकले असेन म्हटलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक लाटीमागे वहीत एक रेघ मारली, दाराला कुलूप घातलं. साठाचे त्र्याहत्तर झाले. माकडांचा विचार केला, पण माकडं पापड पळवतात, वाढवून देत नाहीत. आणि हे जास्तीचे पापड वेगळेच होते. पातळ, गोल, माझ्यापेक्षा कितीतरी सुबक. प्रत्येकावर मधोमध एक बारीक उठलेली रेघ. लाटण्याला खाच असली की उठते तशी. माझं लाटणं कोरं करकरीत होतं. हात लावून पाहिलं... माझे पापड वाळून कडक झाले होते, हे मात्र ओले. नुकतेच लाटलेले! त्या रणरणत्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. भ्याले मी, लपवत नाही.

त्यातला एक पापड ताटलीत घालून सुशीलेकडे गेले. ओसरीवर तिची सून शीतल भाजी निवडत होती. तिने ताटलीत पाहिलं आणि सहज बोलून गेली, "हे त अनसूयाकाकूचे पापड! यंदा तुमच्याकडं निंगाले का? बरं झालं बाई. तीन सालापासून आमच्याच गच्चीवर निंगून राह्यले होते."

सुशीला आतून आली. ताटलीकडे पाहिलं आणि खालीच बसली.

"कोन अनसूयाकाकू?" मी विचारलं.

"तुह्या घरात राहे ते. एकटीच होती. आपलं खाच पडलेलं लाटनं घेऊन सगळ्यांच्या घरी लाटू लागे." ती खाली मान घालून बोलत होती. "एका साली तिची पाळी आली, अन् कोनीच गेलं नाई. लय ऊन होतं, अन् मले माहेरी लग्नाले जायचं होतं. एकटीच लाटत बसली दिवसभर. चार दिवसांत गेली बिचारी. दुसऱ्या सालापासून आमच्याकडं सुरू झालं."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं त तू आली असती का?"

"सुशीले, मी तुह्यासाठी आली इथं!"

"मले वाटलं, तिच्या घरात तिले सोबत भेटली, त आमचं सोडीन ते..." ती रडायला लागली. "अन् सोडलं ना वं. यंदा एक बी नाई निंगाला आमच्याकडं."

आसवं गाळत होती, पण सुटल्याचं समाधान तिच्या तोंडावर होतं. ते मी पाहिलं. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

दोन उन्हाळे झाले. मी त्याच घरात आहे. विकायचं तर येणाऱ्याला काय सांगू? सुशीलेसारखं "काई नाई त्यात" म्हणू? ते माझ्याने होत नाही. यंदाही लाटले, यंदाही वाढले. ओळखीच्या एका प्राध्यापकांना दाखवले, तर ते म्हणाले, मोजण्यात चूक होत असेल. असेलही. पापड कुठून येतात ते उद्या कुणी शोधूनही काढेल, माझी ना नाही. पण चाळीस वर्षांपासूनच्या मैत्रिणीने मला उचलून एका मेलेल्या बाईच्या सोबतीला दिलं... ते तिच्या मनात आलं तरी कसं, हे मला कोण समजावून सांगणार?