मातीला पाणी नव्हतं तेव्हा

बबिता मॅडम आमच्या लातूरच्या शाळेत चित्रकला शिकवायला आल्या, त्या दिवशी त्यांच्याबरोबर मातीचं एक पोतं होतं. शिपाई नरसिंगने ते रिक्षातून उतरवलं आणि म्हणाला, "मॅडम, लातुरात काय माती कमी हाय का?"

"ही हिमायतनगरची हाय," त्या म्हणाल्या. "इथल्या मातीचा स्वभाव मला अजून माहीत न्हाई."

मी त्याच शाळेत गणित शिकवते. मातीला स्वभाव असतो हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि मनातल्या मनात हसलेसुद्धा.

त्यांचे आईवडील हिमायतनगरजवळच्या एका गावात दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. बबिता दहावी झाली तेव्हा घरात स्थळं बघणं सुरू होतं. शाळेतले चित्रकलेचे अनंतराव सर एक दिवस घरी येऊन बसले. आईने चहा पुढे केला, तर सर म्हणाले, "पोरीला नांदेडला शिकायला पाठवतो म्हणा, मग घेतो." चहा थंड झाला, त्यावर साय धरली. शेवटी वडील, रामकिशन, म्हणाले, "घ्या सर. पाठवतो."

नांदेडला कलाशिक्षकाची पदविका झाली. पुढे शिष्यवृत्तीवर दोन वर्षं बडोद्याला. तिथे मॅडम मातीची शिल्पं घडवायला, भट्टीत भाजायला आणि त्यांच्यावर रंगीत काचेसारखी झिलई चढवायला शिकल्या. मग नोकरी लागली ती लातुरात, आणि लातुरात शिल्पं भाजायला भट्टीच नव्हती.

भट्टी केली त्यांच्या नवऱ्याने. बालाजीराव बोअरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतात, औसा रोडला त्यांचं छोटं दुकान आहे. लग्नानंतर सहा महिने बायको रोज विजेच्या भट्टीबद्दल बोलते हे ऐकून एक दिवस ते म्हणाले, "म्हणजे तारेचं वेटोळंच ना? मोटारीतबी तेच करून राहिलो मी." उष्णता धरून ठेवणाऱ्या विटा हैदराबादहून मागवल्या, जाड तार हाताने गुंडाळली. पहिल्याच भाजणीत आत बार उडाल्यासारखे आवाज आले. शिल्पं आतून ओली राहिली होती, त्यांच्या ठिकऱ्या झाल्या. बालाजीराव अपराध्यासारखे उभे. मॅडम म्हणाल्या, "तुमची भट्टी चांगली हाय. घाई माझी झाली."

पुढे जमलं. काळी माती वाळताना आक्रसते, म्हणून त्या तिच्यात विटांचा भुगा मिसळायच्या. शाळा सुटली की घरच्या अंगणातल्या पत्र्याखाली काम. बसस्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्या बायका हा त्यांचा विषय. कुणी पिशवीवर डोकं ठेवलेली, कुणी चप्पल काढून तळवा चोळणारी. नांदेड, औरंगाबाद, एकदा पुण्यालाही ती शिल्पं जाऊन आली.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात त्यांनी सात बायकांचा मोठा गट करायला घेतला होता. सातही जणी अर्ध्या झालेल्या. अशी अर्धी शिल्पं वाळू नयेत म्हणून त्यांच्यावर सतत ओली फडकी ठेवावी लागतात. नेमका तोच उन्हाळा. नळ कोरडे, बोअर कोरडे, शेवटी मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. टँकर आमच्या दोघींच्या गल्लीत शिरला की आम्ही सगळ्या घागरी घेऊन धावायचो.

एका सकाळी शेजारच्या प्रेमलाताई कुंपणापाशी आल्या. मॅडम फडकी भिजवत होत्या. प्रेमलाताईंच्या सुनेला दिवस गेलेले, घरात प्यायलाही पाणी नव्हतं.

"आमाला घोटभर मिळंना," त्या म्हणाल्या, "अन् तुमी चिखलाला पाजून राहिलात?"

मॅडम उठल्या. बादली उचलली आणि तशीच प्रेमलाताईंच्या ओट्यावर नेऊन ठेवली. परत येऊन सातही फडकी काढली, पिळली आणि दोरीवर टाकली.

तिसऱ्या दिवशी मी गेले, तर सगळ्या बायका मानेपाशी तडकल्या होत्या. एकीचा हात गळून जमिनीवर पडला होता. मॅडम म्हणाल्या, "प्रेमलाताईचं काही चुकलं न्हाई. म्हणून तर जास्त लागलं."

महिनाभर त्यांनी कशालाही हात लावला नाही. सुट्टीत शाळेत मोडके बाक भंगारात निघाले तेव्हा मात्र त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि सागवानी फळ्या मागून आणल्या. पोरांनी कर्कटकाने कोरलेली नावं त्यांच्यावर होती. त्या नावांवरच मॅडम कोरायला लागल्या. फळीवर रुळाने काळी शाई, वर कागद, आणि कागदावरून वरणाच्या डावाची पाठ घासायची. छापचित्र तयार. पाण्याचा एक थेंब लागत नव्हता.

चित्रं आमच्याच गल्लीची होती. टँकरपुढची रांग, घागरी, नळ्या, पाठमोऱ्या बायका. दोरीवर वाळत घातलेलं त्यांतलं एक प्रेमलाताईंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ही माझी पाठ हाय," त्या म्हणाल्या.

मॅडम घाबरल्या. "हाव. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

"विचारलं असतं तर पदर तरी नीट घेतला असता!" मग थोड्या वेळाने, "मलाबी एक द्या. घरात लावते."

ती छापचित्रं हैदराबादच्या एका प्रदर्शनात गेली आणि मॅडमचं नाव झालं. वर्तमानपत्रात फोटो आला, शाळेत सत्कार झाला. त्या पावसाळ्यात पाणीही भरपूर आलं, पण मॅडम मातीकडे वळल्या नाहीत. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. भट्टीवर धूळ बसली. बालाजीरावांनी एकदा जेवताना विचारलं, "भट्टी काढून टाकू का? जागा अडून राहिली."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. एवढंच. बालाजीरावांनी मला नंतर सांगितलं, त्या दोन शब्दांवर त्यांनी दुसऱ्याच दिवशी जुन्या तारा काढून नव्या बसवल्या.

कोविडात शाळा बंद झाली तेव्हा मॅडमनी पुन्हा माती भिजवली. या वेळी त्यांनी कोरलेल्या फळ्या ओल्या मातीवर दाबल्या. शिल्पांच्या लुगड्यांवर, पाठींवर लाकडातल्या रेषा उठल्या, मधूनच एखाद्या पोराचं उलटं नावसुद्धा. तीन भाजण्या फसल्या. चौथीत प्रेमलाताईंची मूर्ती निघाली, कमरेवर घागर, निळसर झिलई. डाव्या खांद्याला एक बारीक चीर होती. ती बुजवली नाही.

गेल्या डिसेंबरात नांदेडला त्यांचं एकटीचं प्रदर्शन भरलं. बारा शिल्पं, तीस छापचित्रं. प्रेमलाताई ठेवणीतलं लुगडं नेसून आमच्याबरोबर एसटीने आल्या. दालनात शिरल्या त्या थेट आपल्या मूर्तीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. लोक जमले तशा सांगू लागल्या, टँकर किती वाजता यायचा, कुणाची घागर कुणी सरकवली, सून त्या दिवसांत किती आजारी होती. एका बाईने विचारलं, "आणि त्या शिल्पकार कुठे आहेत?"

"असतील हितंच," प्रेमलाताई म्हणाल्या. "काय इचारायचं ते मला इचारा."

मॅडम बाहेर पायरीवर बालाजीरावांबरोबर चहा पीत बसल्या होत्या. मी बोलवायला गेले, तर म्हणाल्या, "होऊ दे त्यांचं. बसा, चहा घ्या."